बंदरावरच्या कुरडया

अकोल्यात चैत्र सरत आला की सकाळच्या चहालाच दुपार होते. आमच्या गल्लीत माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. मागच्या वर्षीचं कुबट गवत उपटून नवं भरलं जातं, पंप चालतो का ते कोणीतरी पाण्यात बोट घालून बघतो आणि झटका बसला की "चालू आहे वो!" म्हणून घरात ओरडून सांगतो. गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात, चार कोपऱ्यांना चार विटा. आमच्या उन्हाला आम्ही शिव्या घालतो, पण पुण्याच्या पाहुण्याने घातल्या तर आमचं तोंड वाकडं होतं. ऊन आमचं आहे. त्याला नावं ठेवायचा हक्कही आमचाच.

यंदा मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीने कुरडयांचे गहू भिजत घातले. तीन दिवस भिजवून काल ते वाटले, म्हणजे स्वयंपाकघरात तो आंबूस, जड वास पसरला आहे आणि नवरा पेपरचं पान नाकावर धरून फिरतो आहे. मला मात्र त्या वासाने भलतंच काही आठवतं. इतरांना समुद्र म्हटलं की लाटा आठवत असतील, मला आंबलेले गहू आठवतात. त्याला कारण माझी आई, आणि आमचा बंदरावरचा एक उन्हाळा.

बँकेने मला बढती दिली आणि बढतीबरोबर कोकणातलं एक बंदर दिलं. गाव इतकं लहान की नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जाईल. नवरा अकोल्यात वकिली करतो. अशील त्याला सोडत नाहीत आणि तो अशिलांना, त्यामुळे मी एकटीच गेले. आदल्या वर्षी बाबा गेले होते आणि आई अमरावतीच्या घरात एकटी राहत होती. ती मजेत आहे असं फोनवर सांगायची. पण हे ती एका फोनमध्ये इतक्यांदा सांगायची, की फोन ठेवल्यावर मला जेवण जायचं नाही.

मला ती कायमची माझ्याजवळ हवी होती. साधी, सरळ, स्वार्थी इच्छा होती ती. मी रोज गळ घालायची आणि ती रोज विषय बदलून शेजारणीच्या सुनेवर न्यायची. शेवटी एकदाची कबूल झाली, तीही अट घालून. "उन्हाळ्यापुरती येतो. गमलं तं राहीन. नाई गमलं तं मले चुपचाप अमरावतीच्या गाडीत बसवून देजो." आमच्याकडे बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात. आणि गमणं म्हणजे करमणं. पण करमायला टीव्हीसुद्धा पुरतो, गमायला जागाच लागते.

आई आली ती घर हलवल्यासारखी. एका पोत्यात गहू, पिशवीत कुरडयांचा पितळी साचा, शेंदूरजनाघाटच्या मामांकडची शेवटच्या तोडीची संत्री, आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतून काढलेला आमचा भलामोठा लोखंडी कूलर. समुद्राकाठी उकडतं असं तिला कोणीतरी सांगितलं होतं, आणि उकाड्याला वऱ्हाडी माणसाकडे एकच उत्तर असतं. माझी घरमालकीण पारूबाई खालच्या मजल्यावर राहायची. कोळीण, आईच्याच वयाची, आवाज बंदराच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. टेम्पोतून उतरणाऱ्या कूलरकडे ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "मॅडम, ह्यो कपाट कसला गो?"

कपाट वरच्या खोलीत खिडकीला लागलं, पाणी भरलं, आईने स्वतः बटण दाबलं आणि समोर पाटावर ऐटीत बसली. आमच्याकडे कोरडीठाक हवा ओल्या गवतातून येते आणि गार होते. बंदरावरची हवा आधीच आंघोळ करून आलेली. तिला आणखी भिजवल्यावर काय होणार? तासाभरात उश्या दमट झाल्या, चादर अंगाला चिकटली आणि देवापुढची काडेपेटी पेटेनाशी झाली. आई पदराने मान पुसत म्हणाली, "बाप्पा! हा तं उलटा घाम काढून राह्यला!" मग पाणी काढून टाकलं, गवताच्या जाळ्या उतरवल्या, आणि बिचारा कूलर आमच्याकडे नुसता पंखा म्हणून राहिला.

त्या गावात मी रमले होते, हे कबूल करायला हवं. संध्याकाळी होड्या परतायच्या, त्यांच्या काठ्यांवर लाल-हिरवी निशाणं फडफडायची, आणि धक्क्यावर लिलावाचा असा गलका व्हायचा की त्यापुढे आमची धामणगावची कापसाची बोली म्हणजे कीर्तन वाटावं. बर्फाच्या गाड्या, डिझेलचा धूर, भिंतीला टेकून जाळी विणणारे म्हातारे, आणि सगळ्यावर तो वास. मला त्याची सवय झाली होती. आईने मात्र पहिल्या दिवसापासून रुमालात कापूर बांधून तो नाकाशी धरला. आमचं घर पिढीजात शाकाहारी; अंड्याचं चित्र असलेलं बिस्किटसुद्धा आई दुकानात परत ठेवते. पारूबाईशी ती जिन्यात उभी राहून भरभरून बोलायची, तिला संत्री द्यायची, पण तिच्या घरात पाणीसुद्धा प्यायची नाही. पारूबाईलाही ते कळत होतं.

आणि मग आईने कुरडया घातल्या.

तिचा हात त्यात असा आहे की अमरावतीत आमच्या अख्ख्या ओळीचा चीक ती शिजवायची. चीक म्हणजे भिजलेल्या गव्हाचं सत्त्व. ते मोठ्या गंजात रटरटायला लागलं की लाकडी दांड्याने ढवळायला अंगात जोर लागतो. पहाटे तिने चीक शिजवला, मला आणि पारूबाईला साखर-तूप घालून वाटी-वाटी दिला. पारूबाईने वाटी चाटूनपुसून परत केली. मग गच्चीवर साडी अंथरून आईने पांढऱ्याशुभ्र कुरडया पाडल्या, अगदी ओळीत, एकीचं टोक दुसरीला लागू न देता. ऊन चांगलं होतं. डोळ्यांवर हात धरावा लागेल असं.

संध्याकाळी तिने सगळ्या कुरडया गोळा केल्या आणि डब्यात भरून झाकण दाबून बसवलं. वाळल्या का ते हात लावून बघितलंसुद्धा नाही. का बघावं? आमच्याकडे सकाळची कुरडई संध्याकाळी डब्यात जाते, त्यात बघण्यासारखं काही नसतंच. आयुष्यभराची सवय. मीही तिथे उभी होते आणि मलाही शंका आली नाही, मीही त्याच मातीची. दोन दिवसांनी डबा उघडला तर आत सगळ्या कुरडयांचा एकच गोळा, वर हिरवट लव, आणि असा भपकारा की आईचा कापूरही हरला.

ती डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. रडली नाही, चिडलीही नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. मग म्हणाली, "जितं कुरोडी वाळत नाई, तितं माणसानं काय राहावं? मले गाडीत बसवून दे."

बँकेत मी दिवसभर लोकांना शांतपणे समजावते, पण तिच्यापुढे माझा आवाज चढला. आमच्या आवाजाने पारूबाई वर आली. डब्यात डोकावली, मान हलवली आणि अगदी मनापासून म्हणाली, "बाय, इथं ऊन नाय सुकवत, वारा सुकवतो. आमच्या मांडवाव टाका की! जागा हाय." तिचा मांडव म्हणजे घरापुढच्या वाळूत रोवलेले बांबू आणि त्यांच्यावरच्या आडव्या दोऱ्या, एकाच्या जबड्यात दुसरा अडकवून बोंबील त्यावर टांगलेले असायचे. आपल्या कुरडया त्या बोंबलांच्या शेजारी डोलताना आईला दिसल्या असाव्यात. तिचा चेहरा असा झाला की मी घाईघाईने पारूबाईला चहाला बसवलं.

मी हरायला तयार नव्हते. पोत्यातले उरलेले गहू मी स्वतः भिजत घातले, आईच्या हातापाया पडून तिच्याकडून चीक शिजवून घेतला, आणि कुरडया खोलीतच चटईवर घालून तो कोरडा कूलर त्यांच्यावर पूर्ण जोरात सोडला. खिडक्या सताड उघड्या. खोलीत असं वादळ सुटलं की कॅलेंडर भिंतीवरून उडालं. दिवसभर आम्ही एकमेकींशी ओरडून बोललो. कुरडया वाळल्या, खडखडीत वाळल्या, फक्त वाऱ्याने सगळ्याच्या सगळ्या एका अंगाला कलल्या होत्या. आईने एक तळून बघितली. ती कढईभर फुलली.

"पाय! झाली की नाई?" मी कढईकडे बोट दाखवत म्हटलं.

"झाली," आई म्हणाली. "पण हे कूलरची कुरोडी होय. उन्हाची नोहे." आणि ती पातळं घड्या घालून पिशवीत भरायला लागली. त्या वेळी मला तिचा इतका राग आला, की मी बँकेत जाताना तिला सांगूनही गेले नाही.

पुढचं मला नंतर आईकडूनच कळलं. पिशवी भरता भरता आई गॅलरीत आली. पारूबाई टोपली घेऊन बाजारात गेलेली, मांडवाशी कोणी नाही, आणि एक कावळा अगदी आरामात बोंबील ओढून काढत होता. अमरावतीत गच्चीचा एक नियम आहे, कोणी केलेला नाही पण सगळे पाळतात. गच्चीवर जो असेल त्याने सगळ्यांचं वाळवण राखायचं. कोणाचं आहे ते विचारायचं नाही. आईने आधी वरूनच "हाऽड!" केलं. कावळ्याने मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं आणि दुसरा बोंबील ओढला. हे मात्र तिला सहन झालं नाही. ती काठी घेऊन खाली उतरली.

मी संध्याकाळी आले तेव्हा ती वाळूत खुर्चीवर बसली होती, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापराचा रुमाल. "काय करून राहिली?" मी विचारलं. "काई नाई. बसली हाओ," ती म्हणाली, आणि माझ्या मागच्या मांजरीवर काठी उगारली.

दुसऱ्या दिवशीही ती बसली. मग शेजारच्या मांडवाच्या बाईने जाता जाता म्हटलं, "बाय, आमच्याकडंपन बघा." मग तिच्या पलीकडचीने. थोड्याच दिवसांत आईला एक मोठी छत्री मिळाली, पाण्याचा माठ मिळाला, आणि बंदरावरचे कावळे तिला ओळखून लांबून जायला लागले. बाजाराहून परतणाऱ्या बायका तिच्यापाशी टोपल्या टेकवून बसायच्या. ती त्यांना मोझरीच्या आश्रमातल्या प्रार्थनेबद्दल सांगायची, त्या तिला नवऱ्यांबद्दल. कोणाची सून बोलत नाही, कोणाची बोट कशाने अडली, सगळं तिला माझ्याआधी कळायचं. आमच्या घरी जेवताना पूर्वी फक्त भांडी बोलायची. आता तिचं तोंड थांबत नव्हतं. रुमालातला कापूर उडून गेला तो तिने पुन्हा बांधला नाही. पिशवी भरलेली होती तशीच कोपऱ्यात होती. तिकिटाचं तिने पुन्हा काढलं नाही, आणि मीही आठवण करून देण्याइतकी भोळी नाही.

मे संपत आलेला. एका दुपारी बँकेच्या खिडकीतून बघते तर समुद्राच्या बाजूने आभाळ काळं होत आलेलं. ते बघून होड्या त्या दिवशी लवकरच लागल्या होत्या, म्हणजे बायका सगळ्या धक्क्यावर लिलावात. मी काम तसंच टाकून धावत सुटले. घरापाशी येऊन बघते तर आईने पदर खोचला होता आणि दोन्ही हातांनी मांडवावरचे बोंबील ओरबाडून टोपलीत भरत होती. कवेत घेऊन भरत होती!

"पायत काय राह्यली? घे तो झाडू! तो जवळा लोट!" ती माझ्यावर ओरडली.

जवळा म्हणजे बारीक, मुंगीएवढी कोळंबी. वाळूत अंथरलेल्या जाळ्यांवर ती वाळत होती. मी बँकेच्या साडीत खाली बसून जवळा लोटला. तोवर धक्क्यावरून बायका पळत आल्या, आणि सगळ्या मिळून आम्ही ओळीतले सगळे मांडव रिकामे केले. शेवटची टोपली आत गेली. सगळ्या दारात उभ्या राहून आभाळाकडे बघू लागल्या.

आभाळ पुढे निघून गेलं. थेंबसुद्धा पडला नाही. थोड्या वेळाने लख्ख ऊन पडलं.

आधी पारूबाई हसायला लागली, मग सगळ्याच. आईही हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर धरायला हात उचलला आणि तो तिला दिसला. बोंबलांच्या चिकट्याने चमकत होता. "अवो माय," आई पुटपुटली. पारूबाईने तांब्याभर पाणी आणि साबण आणला आणि आईच्या हातावर पाणी घालू लागली. तिचा चेहरा ओशाळा झाला होता, जणू चूक तिची होती. तेव्हा आई म्हणाली, "तोंड काहून पाडलं? सडू देतो काय? वर्साची बेगमी असते ते बाईमाणसाची."

वर येऊन तिने अख्खा साबण संपवून आंघोळ केली. मग मला जवळ बोलावून हात पुढे केला. "वास येते काय वो?"

"नाही," मी म्हटलं.

"खोटी बोलून राह्यली," ती म्हणाली. मग जिना उतरली, पारूबाईच्या ओट्यावर नाही तर थेट आत जाऊन बसली, आणि म्हणाली, "चहा टाक वो. थकली मी." तो चहा होताना मी जिन्यावर उभी होते. मला फार फार आनंद झाला होता. जिंकल्याचा आनंद. आई आता कुठे जात नाही.

आणि मग, नशिबाची गंमत बघा, बँकेत माझ्या बदलीचं पत्र आलं. बंदरावर रुजू होतानाच मी परत बदलीची विनंती केली होती, आणि त्या विनंतीला जाग आली ती आत्ता. अकोला! नवरा, घर, सगळं. मी पेढे घेऊनच घरी गेले. "आई, चल. आपण दोघी अकोल्याला जायचं. कायमचं."

आईने पेढा खाल्ला. "बरं झालं. जवाईबापू एकटे पडले होते." मग दुसरा खाल्ला. "तू जाय. मी कायले येऊ? मले इथं गमते."

मला वाटलं थट्टा करते. ती थट्टा नव्हती. मी चिडले, भांडले, तिचं वय काढलं, लोक काय म्हणतील तेही काढलं. ती शांतपणे ऐकत बसली. "अमरावतीले एकटीच राहत होतो ना मी? मंग इथं एकटी राहीन. तितं सकाळी उठून मी कोनासाठी उठली, हे मलेच समजत नोहतं. इथं पारू खालून हाका मारते."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मला हवं होतं तेच झालं होतं, तिला गमलं होतं. फक्त त्यात मी कुठे नव्हते. हे पचायला वेळ लागला. अमरावतीचं घर चुलतभावाला राहायला दिलं, वरची खोली पारूबाईने आईच्या नावाने ठेवली, आणि मी निघाले ती एकटी. कूलरही मागेच राहिला. ढगाळ दिवसांत पारूबाई त्याच्यापुढे जवळा वाळवते, त्यामुळे तो आता परत आणण्याच्या पलीकडे गेला आहे. नवऱ्याला हे मी अजून नीट सांगितलेलं नाही.

अकोल्यात परतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मला सगळ्यात काय टोचलं असेल तर वैशाख. वैशाखात आमची गल्ली बदलते. लग्न होऊन गेलेल्या पोरी लेकरं घेऊन येतात, ओट्यांवर अंबाडे सोडून बसतात, दिवस चढेपर्यंत झोपतात आणि कोणी त्यांना उठवत नाही. समोरच्या घरची लेक अशी आळस देत बाहेर आली की मी खिडकी लावून घ्यायची. बाबा गेले, अमरावतीचं दार दुसऱ्यांचं झालं. माझं माहेर उठलं, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. आणि आईवरचा माझा खरा राग तोच होता, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं.

आज सकाळी चीक कसा ओळखायचा ते विचारायला तिला व्हिडिओ कॉल केला. ती वाळूतूनच बोलत होती, काळी पडली आहे, आवाजही पारूबाईसारखा चढला आहे. मी गंज फोनसमोर धरला. "पातळ हाय. अजून ढवळ," ती म्हणाली. मी ढवळत राहिले. ढवळता ढवळता, कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "मी येऊ का गं? रजा आहे थोडी."

ती फोन बाजूला धरून घराकडे जोरात ओरडली, "पारू! माही पोरगी येऊन राह्यली!" तिथून पारूबाईने काहीतरी ओरडून उत्तर दिलं, ते मला कळलं नाही. दोघी हसल्या.

"या कुरडया झाल्या की घेऊन येते," मी म्हटलं. "उन्हाच्या आहेत. आणि अजून काय आणू ते सांग."

"काई आणू नको," आई म्हणाली. "माहेरी येतांना कोनी काई आणत असते काय?"